तासांचा आकडा लिहिण्याआधी

परुळे, ता. वेंगुर्ला

चि. बातमीदार मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कुडाळच्या दैनिकात तू रुजू झालीस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी विमानांच्या कॉकपिटमध्ये गेली, त्यामुळे बातम्या कशा लिहाव्यात हे मी तुला शिकवणार नाही. पण एक सल मनात आहे. विमान पडलं की पहिल्याच संध्याकाळी वैमानिकाच्या उड्डाणाच्या तासांचा आकडा छापून येतो आणि त्या आकड्यावरच त्याचा निकाल लागतो.

6 जुलै 2013 ला सॅन फ्रान्सिस्कोला दक्षिण कोरियाच्या एशियाना कंपनीचं बोइंग 777 उतरताना धावपट्टीआधीच्या समुद्रबांधावर आपटलं. तीन शाळकरी मुली गेल्या. लगेच बोभाटा झाला, वैमानिक नवशिका, अनुभव 43 तास. प्रत्यक्षात त्या माणसाच्या गाठीशी साडेनऊ हजारांहून जास्त तास होते. तो 43 चा आकडा फक्त 777 वरचा होता. विमानाचा प्रकार बदलला की नोंदवहीतल्या त्या रकान्यात प्रत्येकाची सुरुवात शून्यापासून होते. आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग प्रवासी घेऊन उड्डाणं, तीही शेजारी ट्रेनिंग कॅप्टन बसवून. मालवणात तीस वर्षं समुद्रावर काढलेल्या तांडेलानं नवा ट्रॉलर घेतला, तर तू त्याला आठवड्याभराचा खलाशी म्हणशील का?

खरी बातमी उजव्या सीटवर होती. तिथे बसलेल्या ट्रेनिंग कॅप्टनचे 12,000 हून जास्त तास झाले होते, त्यातले 3,000 हून जास्त 777 वरचे, पण प्रशिक्षक म्हणून त्याची ती पहिलीच फेरी होती. ‘शेजारी कोण होतं?’ एवढं विचारलं असतं तरी बातमीदार योग्य दाराशी पोचला असता.

पुढच्या वर्षी अहवाल आला. उतरताना वेग 137 नॉट हवा होता, तो 103 च्या आसपास घसरला. इंजिनांचा जोर आपोआप कमीजास्त करणारं ऑटोथ्रॉटल वेग सांभाळतंय, अशी वैमानिकांची समजूत होती. ते त्या वेळी सांभाळत नव्हतं. ठपका वैमानिकांवर आलाच, पण त्या यंत्रणेची गुंतागुंत आणि प्रशिक्षणातल्या उणिवाही नोंदल्या गेल्या. वैमानिकाला पाठीशी घाल, असं मी म्हणत नाही. चूक असेल तर लिहायलाच हवी, फक्त ती आधी शोधली गेली पाहिजे.

अपघाताच्याच आठवड्यात तिथल्या एका वाहिनीनं वैमानिकांची म्हणून चार नावं वाचून दाखवली. चारही बनावट, आशियाई माणसांची टवाळी करणारी. तपास यंत्रणेतल्या एका उन्हाळी प्रशिक्षणार्थीनं फोनवर दुजोरा दिला म्हणून ती प्रसारित झाली. कुणी एकदा मोठ्यानं उच्चारून पाहिली असती तरी शंका आली असती.

आपल्याकडचं बघ. 12 जून 2025 चा अहमदाबादचा, एअर इंडियाच्या बोइंग 787 चा अपघात. महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला. त्यात कॅप्टनचे 15,638 तास, पैकी 8,596 तास 787 वरचे, आणि उड्डाणाच्या वेळी विमान सहवैमानिक चालवत होता, हे सगळं आहे. इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याचं आहे. एकानं ‘का बंद केलंस?’ विचारलं आणि दुसऱ्यानं ‘मी नाही केलं’ म्हटलं, हेही आहे. कोणी विचारलं आणि कोणी उत्तर दिलं, हे मात्र नाही. तरी किती ठिकाणी ती वाक्यं ठरावीक माणसाच्या तोंडी घातली गेली! त्या माणसाच्या घरीही पेपर येतो गं. उत्तर द्यायला तो नाही; वाचायला घरचे आहेत.

चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला, शेजारी गोव्याचा मोपाही आहे. देव करो आणि तशी वेळ न येवो, पण आलीच तर पहिली धावशील तू. सड्यावरचा कुणी गुराखी सांगेल, ‘आधी धडाका झाला, मग विमान पडलं.’ तो खोटं बोलत नसेल. पण आवाजाला एक किलोमीटर यायला तीनेक सेकंद लागतात. दोन किलोमीटरवरचा धडाका त्याच्या कानी पडेपर्यंत सहा सेकंद गेलेले असतात, आणि मान वर होते ती आवाज ऐकल्यावर; त्याआधीचं त्यानं पाहिलेलं नसतं. म्हणून तो कुठे उभा होता, आधी ऐकलं की आधी पाहिलं, हे विचार आणि त्याचं म्हणणं त्याच्याच नावावर लिही. ‘स्फोट झाला’ असं स्वतःच्या नावावर लिहू नकोस.

आणि तासांचा आकडा मिळाला की लगेच पुढचं विचार: या प्रकारच्या विमानावर किती? त्यातले कॅप्टन म्हणून किती? शेजारी कोण होतं, विमान कोण चालवत होतं? उत्तर नाही मिळालं तर आकडा दुसऱ्या दिवशी छाप. संपादक घाई करतील, तेव्हा माझं नाव सांग, मी बोलेन त्यांच्याशी.

रविवारी सवड काढून ये. माझं लॉगबुक समोर ठेवून एकेक रकाना समजावतो, म्हणजे पुढे कुणी नुसता आकडा तुझ्या हाती टेकवला तर काय विचारायचं ते तुला ठाऊक असेल. काकू सोलकढी करणार आहे, जेवूनच जा.

तुझा
काका