हिमालयातल्या एकाच ग्रॅनाइटच्या झिरकॉनमध्ये (खडकाचं वय ज्यावरून काढतात त्या बारीक खनिजकणांमध्ये) ५० कोटी आणि २.२ कोटी वर्षं अशी दोन वयं मिळाली, तर सरासरी काढावी का?

मुळीच काढू नका. ‘सरासरी’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसले.

पीएचडीच्या काळात माझ्याकडे असाच उच्च हिमालयातला, टुर्मलीन या खनिजाचे काळे ठिपके असलेला पांढरा ग्रॅनाइट होता. झिरकॉनचे कॅथोडोल्युमिनेसन्स फोटो (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कण चमकवून आतले थर दाखवणारे) काढले तेव्हा एकेका कणाच्या पोटात गोलसर, झिजलेला गाभा दिसला. गाभ्यातले पट्टे मध्येच तुटलेले आणि त्यांच्याभोवती नवी, बारीक पट्ट्यांची कड. वय मोजण्यासाठी लेसरने पाडलेले काही खड्डे नेमके सीमेवर पडले होते, अर्धे गाभ्यात, अर्धे कडेत. त्यांची वयं मधलीच कुठलीतरी आली. आमच्या वरिष्ठांनी त्या मधल्या आकड्यांवरून हिमालयात मॅग्माचा एक नवाच टप्पा जाहीर करायचं ठरवलं! फोटो समोर ठेवून मी सांगितलं की तेव्हा काहीच घडलेलं नाही, लेसरने दोन काळ एकत्र खरवडले आहेत. वाद वाढला आणि पेपरमधून माझं नाव गेलं. माझं म्हणणं आजही तेच आहे.

झिरकॉन वाढताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही; आणि युरेनियमच्या विघटनातून आत तयार झालेलं, ज्यावरून वय मोजतात ते शिसं ९०० अंशांनाही सहजी सोडत नाही. हे पांढरे ग्रॅनाइट साधारण ७०० अंशांच्या आसपास वितळलेल्या गाळखडकांतून येतात. एवढ्याशा तापमानाला जुना झिरकॉन पूर्ण विरघळत नाही, त्याच्यावरच नवा थर चढतो. म्हणजे २.२ कोटी हे तुमच्या मॅग्माचं वय आणि ५० कोटी हा मूळ खडकाचा वारसा. गंगोत्रीचा ग्रॅनाइटही साधारण याच तरुण काळातला.

मात्र तुमचा दगड हिमाचलमधल्या मंडीच्या ग्रॅनाइटसारखा असेल तर हिशोब उलटा होतो. तिथे ५० कोटी हेच मॅग्माचं वय, आणि तरुण कड असलीच तर ती नंतरच्या रूपांतरणातली (उष्णता आणि दाबाने खडक बदलला तेव्हाची) असू शकते. कडेतलं थोरियम-युरेनियमचं गुणोत्तर ०.१ च्या खाली असेल तर तोच संशय घ्या, पण एकट्या त्या आकड्यावर निकाल देऊ नका. खडकाच्या पातळ छेदात सूक्ष्मदर्शकाखाली पत्रण, म्हणजे रूपांतरणात दाबाने एका दिशेला लागलेली खनिजं, दिसतंय का तेही पाहा.

आणि कोणी ‘नको ते बिंदू वगळ’ म्हणालं तरी प्रत्येक खड्डा फोटोवर दाखवून, सगळे आकडे तक्त्यात छापा.