आधी सोल्डरिंग शीक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रणात काम करायचे आहे, पण मुलीला स्टुडिओत उभे कोण करणार, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर तुला रुक्ष वाटेल: आधी यंत्रांची दुरुस्ती शीक; सोल्डरिंग, म्हणजे वितळवलेल्या धातूने तारा जोडणे, हा तिचा पहिला धडा. ऐन मुद्रणात शिरलेली घरघर कोणत्या तारेतून येते हे जिला पाच मिनिटांत सांगता येते, तिला दाराबाहेर ठेवणे कुणालाही परवडत नाही.

सुझन रॉजर्स याच वाटेने आत आल्या. १९७८ मध्ये त्यांनी देखभाल तंत्रज्ञ म्हणून काम धरले. १९८३ मध्ये अमेरिकी गायक-संगीतकार प्रिन्सने यंत्रे सांभाळण्यासाठी त्यांना मिनेसोटात नेमले आणि बघता बघता त्याच्या मुद्रणाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. ‘द बॅलड ऑफ डोरोथी पार्कर’ हे गाणे मुद्रित होत असताना नव्याने बसवलेल्या कन्सोलच्या (सगळे आवाज एकत्र आणून नियंत्रित करणाऱ्या यंत्राच्या) वीजपुरवठ्यात बिघाड होता आणि आवाजातील वरच्या कंप्रतांची सारी चमक गेली होती. रॉजर्स यांच्या ते लगेच लक्षात आले, तरी प्रिन्स रंगात आला होता म्हणून त्यांनी काम थांबवले नाही. बिघाड त्यांनी नंतर शोधला, आणि गाणे त्याच दबक्या आवाजात प्रसिद्ध झाले. मी असते तर बहुधा हात वर करून सगळ्यांचा विरस केला असता. पुढे २०१० मध्ये त्यांनी मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली.

नावाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. कॅरल के यांनी बीच बॉइज या अमेरिकी बँडच्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमसाठी (१९६६) बेस गिटार वाजवली, पण स्टुडिओतील वादकांची नावे अल्बमच्या वेष्टनावर छापण्याची तेव्हा रीत नव्हती. माझेही नाव एका अल्बमवरून गळले, कारण ते कसे छापणार हे मी आधी विचारलेच नव्हते. तू मानधन ठरवतानाच श्रेयनामावलीतील उल्लेख लेखी घे.

आणि कान जप. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात. सरावाच्या खोलीत ड्रमजवळ हा आकडा सहज ओलांडला जातो.

पुढच्या पत्रासोबत तू स्वतः सोल्डर केलेल्या केबलचा फोटो पाठव, आतला जोड दिसेल असा.

तुझी,
एक जुनी ध्वनिमुद्रक