केसरी, केशरी आणि हरवलेलं कुंकुम

प्रश्न असा आहे की 'महाराष्ट्र केसरी' बरोबर की 'महाराष्ट्र केशरी', आणि केशर नि केसर एकच का? कुस्त्या सुरू झाल्या की दरवर्षी हे 'केशरी' कानावर आदळतं, बातम्या देणारेसुद्धा बिनधास्त म्हणतात, त्यामुळे आधी तेवढं सांगून मोकळा होतो. केसरी, स चा. केसर म्हणजे आयाळ आणि आयाळवाला तो केसरी, म्हणजे सिंह. टिळकांचा १८८१ चा 'केसरी' तोच, हिंद केसरी तोच. गदा सिंहाला मिळते, रंगाला नाही. रंग असेल तर केशरी म्हणा, फेट्याचा, झेंडूचा, जिलबीचा.

आता केशर-केसर. केसर म्हणजे मुळात केसासारखा बारीक तंतू, मग तो सिंहाच्या मानेवरचा असो नाहीतर फुलातला. शाळेत पुंकेसर आणि स्त्रीकेसर शिकलो ते हेच. गोड्या मसाल्यात नागकेशर घालतो त्यात केशर कुठे असतं? तंतूंवरून पडलेलं नाव आहे ते. संस्कृतात तर बकुळीलाही केसर म्हणतात. म्हणून 'केशर हा केशपासून आलेला शब्द आहे, श च शुद्ध' असं जे ठासून सांगितलं जातं ते मला अजिबात मान्य नाही. स चा केसर संस्कृतात स्वतःच्या पायावर उभा आहे, 'केश'ची आठवण होऊन स चा श झाला असं माझं मत. मराठीत केशर रुळलंय तर केशरच लिहा, चूक काहीच नाही, फक्त त्याच्यासाठी खोटी वंशावळ नको.

आणि एक, 'केशराच्या पाकळ्या' म्हणणं कृपा करून थांबवा. रेसिपी सांगणारा प्रत्येक दुसरा माणूस 'चार पाकळ्या दुधात भिजवा' म्हणतो. केशराच्या फुलाच्या पाकळ्या जांभळ्या असतात आणि त्या खुडून बाजूला टाकतात. आपण खातो ते स्त्रीकेसराचं टोक, एका फुलात लाल धागे तीनच, किलोभर सुकं केशर व्हायला साधारण दीड लाख फुलं लागतात. डबीतली एक काडी नीट बघा, एक टोक सनईसारखं पसरट असतं. कोमट दुधात टाकली की रंग हळूहळू सुटतो, पिवळा, आणि काडी बराच वेळ लालच राहते. टाकल्या टाकल्या लालभडक रंग सुटला आणि काडी पांढरी पडली तर ते केशर नव्हे. पाकळ्या असतात त्या करडईच्या, आणि भेसळीत नेमक्या त्याच येतात! तेव्हा काड्या म्हणा, काड्या मागा.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. केसर म्हणजे नुसता तंतू, तर मग या मसाल्याचं स्वतःचं नाव काय होतं? कुंकुम. होय, आपलं कुंकू. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात कुंकुमाची नावं दिलीत त्यात काश्मीरजन्म आहे, अग्निशिख आहे, बाह्लीक आहे म्हणजे बल्ख प्रांतातलं, आजच्या अफगाणिस्तानातलं, ही सगळी केशराची नावं आहेत, हळदीची नव्हेत. अकराव्या शतकातला काश्मिरी कवी बिल्हण चालुक्यांच्या दरबारात आला, कल्याणला, म्हणजे आपल्या लातूरच्या शेजारच्या बिदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणला, आणि तिथे बसून त्याने लिहिलं की कविता आणि 'कुंकुमकेसर' ही सख्खी भावंडं, शारदेच्या देशाबाहेर, म्हणजे काश्मीरबाहेर, ती उगवलेली मी पाहिली नाहीत. शब्द बघा, कुंकुमकेसर! कुंकुम ही वस्तू आणि केसर म्हणजे तिचे तंतू. माझ्या मते सगळं कोडं या एका समासात सुटतं. पुढे कुंकुम हा अर्धा भाग दुसरीकडे गेला आणि उरलेला नुसता 'केसर' मसाल्याला चिकटला.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर हळदीकडे. केशर महाग आणि लांबचं, कपाळाला रोज कोण लावणार, मग हळकुंडाला लिंबाचा रस आणि टाकणखार लावून लाल केलेली पूड त्या जागी आली आणि तिने नावही घेतलं. वस्तू बदलली, नाव राहिलं. गंमत म्हणजे अरबीतही तसंच झालं, तिथला 'कुर्कुम' केशरालाही चालायचा आणि हळदीलाही, आणि त्यातूनच हळदीचं शास्त्रीय नाव कुर्कुमा आलं. काही पंडित कुंकुम हा शब्द पश्चिमेकडून उसना आलाय म्हणतात, हिब्रू 'कर्कोम'शी जोडून. असेलही, पण तेवढ्यावर 'आपला शब्दच नाही' म्हणून हात झटकणं मला पटत नाही, कारण शब्द कुठून आला यापेक्षा इथे येऊन त्याने काय केलं हे जास्त मोलाचं आहे. काश्मिरीत केशराला आजही 'कोंग' म्हणतात, पांपोरच्या शेतात ऑक्टोबर अखेरीला फुलं येतात ती कोंगाची, आणि पार खाली तमिळमध्ये केशर म्हणजे 'कुंगुमप्पू', कुंकुमाचं फूल. देशाच्या दोन्ही टोकांना जुना अर्थ जिवंत आहे, मधल्या मधे आपण विसरलो.

म्हणून संस्कृत काव्याच्या मराठी अनुवादात हिवाळ्यात बायका अंगाला 'कुंकू' फासतायत असं वाचलं की मला फार वाईट वाटतं. तिथे कुंकुम म्हणजे केशराची उटी, थंडीत ऊब देणारी, सुगंधी. एका शब्दाने अख्खं चित्र बिघडतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं जुने कवीच विचित्र होते. अनुवाद करणाऱ्यांनी तिथे सरळ 'केशर' लिहावं.

केसर आंब्याचं राहिलं. तो स नेच लिहायचा, जुनागढचा आहे, नाव त्याच्या गराच्या रंगावरून आणि गुजरातीतून जसंच्या तसं आलंय. आपल्याकडे भौगोलिक मानांकन मिळालंय तेही 'मराठवाडा केसर' या नावानेच.