नवी घोडी रुळवताना: सुरुवात खराऱ्यापासून

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. भावाने सारंगखेड्याच्या बाजारातून चार वर्षांची मारवाडी घोडी आणली. फलटणजवळच्या शेतावर येऊन तिला तीन आठवडे झाले, तरी ती अंगाला ब्रश लावू देत नाही. कानाकडे हात गेला की मान झटकते, उसाचा ट्रॅक्टर रस्त्याने गेला की दावं तोडायला बघते. आणि घरातले म्हणतायत, आखडून बांधा, चार दिवसांत सरळ येईल. ताई, आखडून अजिबात बांधू नका. तुमची घोडी खोडसाळ नाही, भेदरलेली आहे, आणि दोन्हींवरचे उपाय अगदी उलटे असतात.

ती कुठून आली ते आधी बघा. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडी येतात. गर्दी, ढोल, दात बघायला तोंड उघडणारे अनोळखी हात, मग रात्रभर टेम्पोचा प्रवास. पोहोचल्यावर बघते तर आसपास एकही घोडं नाही. घोडा कळपात राहणारा प्राणी, आपल्यासोबत कुणीतरी पहारा देतंय हे कळल्याशिवाय तो धड झोपतही नाही. दुसरं घोडं ठेवणं शक्य नसेल, तर तिला दिसेल अशा अंतरावर शेळी किंवा वासरू बांधा. एवढ्याने रात्रीचं खिंकाळणं आणि येरझाऱ्या बऱ्याच कमी होतात.

हात लावायच्या आधी डॉक्टर. घोड्यांची सवय असलेला पशुवैद्य बोलवा, धनुर्वाताची लस झाली आहे का ते विचारा, आणि ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद भावाकडे आहे का ते बघा. नसेल तर रक्त तपासायला द्या. हा रोग माणसालाही होतो. नाकातून घट्ट पिवळट स्राव किंवा पायांवर कातडीखाली दोरीसारख्या गाठी दिसल्या, तर डॉक्टर येईपर्यंत कुणीही हात लावू नका. वैरणही एकदम बदलू नका. विकणाऱ्याने काय खाऊ घातलं ते फोन करून विचारा आणि तुमचा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्या. पोट दुखणारी घोडी ब्रश लावू देणार नाहीच, आणि आपण म्हणणार की स्वभाव वाईट.

आता खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं. बहुतेक जण खरारा धूळ काढायला करतात. तुम्ही पहिले काही आठवडे धुळीचा विचारच सोडून द्या. घोडी मळकी राहिली तरी चालेल. खरारा हे तिला विचारण्याचं साधन आहे: इथे हात लावू का? आणि तिचं उत्तर 'नको' असेल तर ते आपण मानतो, हे तिला समजलं पाहिजे. म्हणूनच सुरुवातीला तिला बांधू नका. म्होरकी असू द्या, लांब दोर सैल हातात धरा. हाताला गुंडाळू मात्र नका, ती उसळली तर बोटं जातील.

समोरून थेट जाऊ नका, मागूनही नको. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण नेमकं कपाळासमोर आणि शेपटीमागे दिसत नाही. खांद्याच्या दिशेने, तिरपं, बोलत बोलत जा. तिने मान वर केली किंवा वजन मागे घेतलं की तिथेच थांबा. तिने श्वास सोडला, डोळा मिचकावला की तुम्ही स्वतःहून एक पाऊल मागे या. हे मागे येणं फार महत्त्वाचं आहे. तिने पळ काढल्यावर तुम्ही थांबलात तर ती शिकते की पळालं म्हणजे सुटका. ती उभी असतानाच तुम्ही मागे आलात तर शिकते की उभं राहिलं तरी सुटका आहे.

पहिला स्पर्श ब्रशने करू नका, बोटांनी करा, आणि जागा ठरलेली: मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा आणि त्याच्या जरा पुढचा भाग. घोडी एकमेकांना दातांनी खाजवतात ती बहुतेक इथेच. दक्षिण फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर 1993 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. माणसाने हाताने याच जागी खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, दुसरीकडे खाजवलं तर तसा फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. जुने मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, घोड्याला थोपटत नाहीत, इथे बोटं रुतवून खाजवतात, ते उगाच नाही. थापा मारणं माणसाला प्रेमाचं वाटतं, बुजऱ्या घोडीला तो निव्वळ मार वाटतो.

जागा बरोबर सापडली की ते लगेच कळतं. वरचा ओठ लांब होतो, थरथरतो, एका बाजूला वाकडा होतो, मान हळूहळू खाली येते. कधी ती मान वळवून तुमच्या खांद्याला ओठाने चाचपेल. दात लागण्याआधी हलकेच तोंड बाजूला करा, पण रागावू नका, ती परतफेड करतेय.

हे रोज जमायला लागलं की रबरी खरारा, म्हणजे अंग घासायचा दातेरी ब्रश, हातात घ्या. आधी तो हुंगू द्या. मग त्याच जागी, एका हाताने खाजवत, दुसऱ्या हाताने गोल फिरवा. तिथून खांदा, पाठ, बरगड्या. लोखंडी खरारा सध्या पेटीतच राहू दे, आणि गुडघे, नळ्या, चेहरा अशा हाडाच्या जागी तर तो कधीच लावू नये. पोट, मांड्यांची आतली बाजू आणि मागचे पाय सगळ्यात शेवटी. ती मागचा पाय उचलते असं तुम्ही लिहिलंय, तर तिथे आधी उलट्या हाताने, पुठ्ठ्यावरून (मांडीच्या वरच्या भागावरून) खाली, सलग स्पर्श करत जा आणि अंगाला चिकटून उभ्या राहा. हातभर लांब उभं राहणं सगळ्यात धोक्याचं, लाथ पूर्ण जोरात लागते ती तिथेच. डावीकडून सगळं जमलं की उजवीकडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. आपल्याकडे घोडी बहुतेक डाव्या बाजूनेच हाताळली जातात, उजवी बाजू तिच्यासाठी जवळजवळ नवीनच असेल.

खरारा करताना बोटं डोळ्यांसारखी वापरा. खोगिराखालचे जुने व्रण, आयाळीच्या मुळाशी गोचीड, जबड्याखाली सूज, एखाद्या जागी हात लागताच आखडणारी पाठ. एका ठरावीक जागीच ती दचकत असेल तर भीतीआधी दुखण्याचा संशय घ्या.

कानांबद्दल वेगळं लिहितो, कारण मारवाडी घोडीचे कान वाचायला नव्या माणसाचा घोळ होतो. टोकं आत वळलेली, एकमेकांना भिडणारी, त्यामुळे कान नेहमीच टवकारलेले वाटतात. टोकांकडे बघू नका, कानाचं भोक कुठे तोंड करून आहे ते बघा. एक कान तुमच्याकडे वळलेला असेल तर ती ऐकतेय. दोन्ही मानेला चपटे लागले तर लगेच थांबा. कानाकडे हात गेला की मान झटकण्याचं कारण बहुधा बाजारात आहे: लगाम चढवताना किंवा औषध पाजताना कान पिळून धरतात. म्हणून मानेवरून खाजवत वर जा, कानाच्या बुंध्याशी हात अर्धा क्षण ठेवा आणि ती हलण्याआधी परत खाली या. काही दिवसांनी तीच कानशील तुमच्या हातावर घासेल. तोपर्यंत डोक्यावरून लगाम नको.

एक इशारा मनापासून देतो. गप्प उभी असलेली प्रत्येक घोडी शांत नसते. आखडून बांधून, वरच्या ओठाला दोरी पिळून खरारा केला तर तीही उभी राहील. पण नाकपुड्या ताणलेल्या, ओठ घट्ट, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, शेपटी आत दाबलेली, असं असेल तर ती सोसतेय. अशी घोडी महिनाभर सोसते आणि एके दिवशी कुणाचा तरी गुडघा फोडते. शंका आली तर नाडी बघा, जबड्याच्या हाडाखालून जाणारी शीर बोटांना लागते. विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44 ठोके असतात. उभी गप्प आणि ठोके साठ, तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा.

ट्रॅक्टरचं आता. गळीत हंगाम चालू आहे, तुमच्या रस्त्याने मोठमोठ्याने गाणी लावून ट्रॉल्या जाणारच. दावण रस्त्यापासून जमेल तितकी लांब हलवा, पण रस्ता तिला दिसू द्या. नुसता आवाज येतो आणि काही दिसत नाही, हे घोड्याला जास्त भिववतं. कुठल्या अंतरावर ती मान वर करून बघते पण पुन्हा खायला लागते, ते शोधा. तिथूनच कामाला सुरुवात करा. ट्रॉली यायच्या वेळेला खाजवणं सुरू करा, ट्रॉली जाईपर्यंत तुमचा हात त्याच लयीत राहू द्या. खाणं थांबलं, शरीर ताठ झालं, तर रस्त्याच्या फार जवळ आहात, तिला दहा पावलं मागे न्या. मग घरचा ट्रॅक्टर, आधी बंद उभा, तिला हुंगता येईल असा. नंतर लांब उभा, इंजिन चालू. चालता ट्रॅक्टर दाखवाल तेव्हा तो तिच्याकडे येणारा नको. तो पुढे जाणारा आणि ती मागून चालणारी अशी गाठ घाला. ज्याच्या मागे ती चालते ती वस्तू तिच्यापासून पळतेय असं तिला वाटतं, आणि धीर येतो.

ताडपत्री, छत्री, फवारणीचा पंप यांची सवयही अशीच लावा. एका वेळी एकच गोष्ट, आणि रोज थोडाच वेळ.

बांधायची वेळ येईल तेव्हा दोर थेट कडीला नको. कडीत सुतळीचं वेटोळं घालून त्याला सरकगाठीने दोर बांधा. घाबरून तिने मागे हिसका दिला तर सुतळी तुटेल, मान वाचेल.

भावाला वैशाखात तिला वरातीत न्यायची आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. यंदा नको, असं त्याला स्पष्ट सांगा. फटाके, बँड आणि पायाखाली पोरं हे पुढच्या वर्षाचं काम आहे. यंदा तुम्ही चारही खूर शांतपणे उचलून साफ करू शकलात आणि नालबंदासमोर ती सैल दोरावर उभी राहिली, तरी पुष्कळ झालं. उजव्या बाजूने ती कशी वागते आणि पोटाला हात लागल्यावर काय करते, ते बघून कळवा. त्यावरून खोगिराचं कधी आणि कसं ते सांगता येईल.