आधी ड्रमर ऐका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तुम्ही दर वेळी लेड झेपलिनचीच तळी उचलता. डीप पर्पलनं तुमचं काय घोडं मारलंय?
– एक वाचक, परभणी

काही नाही मारलं. लातूरला गंजगोलाईत माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, तेव्हा या दोन इंग्लिश रॉक बँडनीच मला निम्मं पोसलंय. ९०ची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. ए बाजूला झेपलिनचा चौथा अल्बम (१९७१), बी बाजूला पर्पलचा 'मशीन हेड' (१९७२). झेपलिन जेमतेम बसायचा. पर्पल संपल्यावर मात्र सातेक मिनिटं कोरी राहायची, आणि कोरी टेप घरी न्यायला आपलं गिऱ्हाईक कधीच तयार नसतं. "पैसे पूर्ण घेतलेत, भरा की काहीतरी!" मग पर्पलचंच 'ब्लॅक नाइट' टाकायचो आणि वर एखादं भावगीत. लातूर जिल्ह्यात अशा कॅसेटी अजून कुणाकुणाच्या माळ्यावर पडून असतील.

दोन्ही अल्बमसाठी गाडी एकच वापरली होती, रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ. पर्पलवाले स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोच्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करणार होते. डिसेंबर १९७१मध्ये फ्रँक झॅपा या अमेरिकी रॉक गिटारवाल्याचा कार्यक्रम चालू असताना तो कॅसिनोच जळाला. 'मशीन हेड'मधलं 'स्मोक ऑन द वॉटर' ही तीच हकिकत. शेवटी हंगाम संपून बंद असलेल्या एका हॉटेलच्या बोळात गाद्या लावून त्यांनी बहुतेक अल्बम उरकला. गाद्यांनी घुमारा गिळला, म्हणून 'मशीन हेड' असा कोरडा आणि टणक वाजतो.

झेपलिननं बरोबर उलटं केलं. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत त्यांनी आपला ड्रमर जॉन बॉनहॅम याचा ड्रमसेट जिन्याच्या तळाशी मांडला आणि माइक वर टांगले. चौथ्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (म्हणजे बांध फुटतो तेव्हा) सुरू होतं ते नुसत्या ड्रमवर. ठोका पडतो, जिन्यानं वर जातो, आणि तो विरायच्या आत पुढचा येतो. गाणं मूळ १९२९चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचं. १९२७च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. आपण मराठवाड्यातली माणसं, पाणी म्हटलं की टँकरच आठवतो. २०२५च्या सप्टेंबरात सिंदफणा आणि मांजरा लोकांच्या शिवारात शिरल्या. त्यानंतर हे गाणं लावलं, तर मला गिटार ऐकूच आली नाही. नुसता तो ठोका.

हाताची सफाई विचाराल तर पर्पलचा ड्रमर इयान पेस सरस आहे. शंका असेल तर त्यांचा १९७२चा लाइव्ह अल्बम 'मेड इन जपान' ऐका, ड्रमच्या सोलोसकट. पण पेसला गप्प बसवत नाही. जागा दिसली की भरलीच. बॉनहॅम ती मोकळी सोडतो. मला ती मोकळी जागा आवडते, एवढंच माझं भांडण.

प्रश्न : नवे हेडफोन घेतले, चांगले महागातले. मेटालिकाच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बेस गिटार ऐकूच येत नाही. दुकानदार बदलून देईना. काय करावं?
– एक वाचक, नांदेड

दुकानदाराशी भांडू नका, त्याचं बरोबर आहे. १९८८च्या त्या अल्बममध्ये मिक्सिंग करतानाच बेस खाली दाबलाय. आधीचा बेसवाला क्लिफ बर्टन १९८६मध्ये स्वीडनला बस उलटून गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडनं सगळं इमानदारीनं वाजवलंय, पण ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. ड्रमर लार्स उलरिकची किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, तेवढी पुढे येऊन टकटक करत राहते. गाणी जबरदस्त, आवाज कंजूष. हेडफोन तपासायचेच असतील तर त्याच बँडचा १९९१चा काळ्या कव्हरचा अल्बम लावा. तिथंही बेस नाही आला, तर मात्र बिल घेऊन जा.

प्रश्न : तुमच्या हिशेबानं जो जोरात बडवतो तोच थोर का?
– एक वाचक, तुळजापूर

मुळीच नाही. वेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकी बँडची ड्रमर मो टकर ऐका, त्यांचा पहिला, १९६७चा अल्बम. ही बाई उभ्यानं वाजवायची. बेस ड्रम आडवा ठेवलेला, हातात मऊ डोक्याच्या काठ्या, झांजांचं नावही फारसं नाही. तुम्हाला यात नवल वाटायचं कारण नाही. गोंधळात संबळ कमरेला बांधून उभ्यानंच वाजवतात, हे तुळजापूरकराला मी काय सांगणार! 'हेरॉइन' या गाण्यात तर ती मध्येच थांबते. बाकीच्यांचा गोंगाट एवढा वाढला होता की तिला काही ऐकूच येईना, असं तिनं नंतर सांगितलंय. तरी अल्बमवर तेच राहिलं, आणि गाण्यातली सगळ्यात भीतिदायक जागा तीच झालीय. तिथं कुणी 'व्यवस्थित' वाजवलं असतं तर गाण्याचं वाटोळं झालं असतं.

प्रश्न : पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' की 'द वॉल'?
– एक वाचक, लातूर

'डार्क साइड', १९७३. त्यातल्या 'टाइम' या गाण्याच्या सुरुवातीला घड्याळं थांबल्यावर ड्रमर निक मेसन जे सावकाश वाजवतो, तेवढ्यावरच निकाल लागला. 'द वॉल' (१९७९) दुहेरी अल्बम आहे आणि दुसऱ्या तबकडीवर मला झोप येते. शिव्यांची पत्रं स्वतंत्र पाकिटात पाठवावीत.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, तिला रॉकचं वेड लागलंय. आमच्याकडे गुरुवारी भजन असतं, आजोबांना इंग्रजी आरडाओरडा खपत नाही. सगळ्यांना चालेल असं काही सांगा.
– एक पालक, अंबाजोगाई

इंडियन ओशन या आपल्या भारतीय बँडचा 'कंदिसा' अल्बम, साल २०००. असीम चक्रवर्ती तबला वाजवत गायचे आणि शेजारी अमित किलमचा ड्रमसेट. दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत, हे सोपं नाही. असीमदा २००९मध्ये गेले. आजोबांना आधी 'मा रेवा' ऐकवा, नर्मदेचं गाणं आहे, ते टाळ शोधायला उठतील. पोरीला 'हिल्ले ले' द्या. ती गोरख पांडे यांची कविता आहे आणि तिच्यात चांगलीच धग आहे. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, त्यातून डग्गा येतच नाही. गुरुवारचा ॲम्प्लिफायर घरात असेलच, त्याला वायर जोडा. आणि त्याचा तो इको आधी बंद करा.