प्रायव्हेट केलं तरी त्याला कळतंच कसं?

"मॅडम, अकाउंट प्रायव्हेट केलंय की. तरी मी कुठं गेले ते त्याला कळतंयच."

जुळे सोलापुरातून वडिलांसोबत माझ्याकडे आलेल्या कॉलेजच्या मुलीचं हे पहिलं वाक्य. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) गड्ड्याच्या जत्रेत ती पाळण्यापाशी उभी असताना इन्स्टाग्रामवर मेसेज आला होता, 'हिरवा ड्रेस छान दिसतोय.' त्या रात्री वडिलांनी तिचा मोबाइल कपाटात ठेवला. तेव्हापासून कॉलेजच्या सूचना वाचायलाही ती मैत्रिणीच्या घरी जात होती. मेसेज दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला, हे आधी बोलून घ्यावं लागलं. तिची चूक नाही हे वडिलांच्या समोर म्हटल्यावरच ती मोकळेपणानं बोलू लागली.

तिचा प्रश्न अनेकींचा असतो. इन्स्टाग्रामवर 'प्रायव्हेट अकाउंट' चालू केलं की नव्या माणसाला आधी रिक्वेस्ट पाठवावी लागते, पण आधीपासून आत असलेले फॉलोअर तसेच राहतात. प्रोफाइल फोटो आणि बायोही सगळ्यांना दिसत राहतात. म्हणून आधी यादी उघडायची.

यादी चाळायला पाऊण तास लागला. एका नावावर तिचं बोट थांबलं. फोटोच्या जागी गुलाब, एकही पोस्ट नाही. सामाईक मैत्रिणी दिसल्या म्हणून तिनं कधीतरी घेतलेलं. "काढलं तर त्याला कळेल का?" रिमूव्ह केल्याची सूचना समोरच्याला जात नाही. पण धमकावणाऱ्या किंवा पाळत ठेवणाऱ्या अकाउंटच्या बाबतीत घाई नको. आधी तारीख-वेळेसह मेसेजचे आणि युजरनेमचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. ब्लॉक करताना 'त्या व्यक्तीची इतर व नवी अकाउंटंही' असा पर्याय येतो, तोच निवडायचा.

ड्रेसचा रंग मात्र दुसऱ्याच वाटेनंही बाहेर गेलेला असू शकत होता. मैत्रिणीनं तिला टॅग करून स्टोरी टाकली होती आणि मैत्रिणीचं अकाउंट सगळ्यांना खुलं होतं. तिथं आपलं सेटिंग चालत नाही, मैत्रिणीला सांगावंच लागतं. आपल्या हातात एवढंच की पोस्टमधला टॅग आधी आपल्या मंजुरीला यावा असं सेटिंग ठेवायचं आणि जत्रेचे फोटो घरी पोचल्यावर टाकायचे.

व्हॉट्सॲपवर तिचं स्टेटस 'माय काँटॅक्ट्स'वर होतं. ऐकायला सुरक्षित वाटतं, पण तिच्या फोनमध्ये टेलर, रिक्षावाले काका, जुन्या क्लासचे सर असे सगळेच सेव्ह होते. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे तिचा नंबर सेव्ह आहे, त्यांना ते दिसतं. सेटिंग्ज, प्रायव्हसी, स्टेटस इथं जाऊन तिनं 'ओन्ली शेअर विथ' निवडलं आणि सहा जणी ठेवल्या. तिथंच 'ग्रुप्स'मध्ये 'एव्हरीवन' बदललं. नाहीतर कुणीही अनोळखी ग्रुपमध्ये टाकतं आणि नंबर तिथल्या सगळ्यांपुढं जातो.

शेवटी 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडलं. एक कॉम्प्युटर जोडलेला निघाला. परीक्षेच्या फॉर्मची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात तिनं व्हॉट्सॲप वेब सुरू केलं होतं आणि लॉगआउट करायचं राहिलं होतं. तिथून कुणी काही वाचलंच असेल असं नाही, पण वाट उघडी होती. नावावर बोट ठेवून लॉगआउट केलं. मुख्य फोन बंद असला तरी असं जोडलेलं उपकरण 14 दिवसांपर्यंत चालू राहू शकतं, हे ऐकून वडील म्हणाले, "मग कपाटात ठेवून बंद काय झालं?"

त्यांना तिथंच टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे तिचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू करताना व्हॉट्सॲप विचारतं तो, सहा आकडी पिन दाखवला. तो तिनं ठरवला आणि तिच्यापाशीच राहिला. मुलीवर पाळत ठेवली की पुढचा मेसेज ती घरी दाखवत नाही, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला.

नकार देऊनही ऑनलाइन पाठलाग सुरूच राहिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली तो गुन्हा आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. त्यासाठीच ते स्क्रीनशॉट.

तीन आठवड्यांनी ती एकटी आली. नव्या अकाउंटवरून एक रिक्वेस्ट आली होती, पुन्हा फुलाचाच फोटो. तिनं स्क्रीनशॉट काढला, रिपोर्ट केलं, ब्लॉक केलं आणि संध्याकाळी जेवताना वडिलांना सांगितलं. फोन तिच्याच हातात होता.