डोकी मोजली, चुली मोजल्या का?

लोकसंख्या आणि पर्यावरण या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. लोकसंख्याशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे काय विचारलं जाईल याचा थोडा अंदाज होता. तरीही बहुतेक पत्रांत "माणसं फार झाली" हे एकच वाक्य इतक्या वेळा येईल असं वाटलं नव्हतं. तेव्हा तिथूनच सुरुवात.

नाशिकच्या सिडकोतले एक निवृत्त कामगार लिहितात: "१९८५ साली येवला तालुक्यातून येऊन अंबडच्या कंपनीत लागलो. तेव्हा सायकलवर द्वारका चौक कधी यायचा कळायचंही नाही. आता स्कूटरवर जीव मुठीत धरून जावं लागतं. पाणी एकच वेळ, उन्हाळा सोसवत नाही. या सगळ्याचं मूळ बेसुमार लोकसंख्या. सरकार दोन अपत्यांचा कायदा का करत नाही?"

काका, महाराष्ट्रात तसे नियम आहेत आणि बरेच जुने आहेत. दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. शासकीय नोकरीत लागताना २००५ पासून छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पण नियम बाजूला ठेवून घराघरांत काय झालं ते बघा. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या एका स्त्रीला सरासरी ३.४ मुलं होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात हा आकडा २.० वर आला आणि महाराष्ट्रात तर १.७ वर. आईबापांची जागा मुलांनी भरून काढायला साधारण २.१ लागतात. म्हणजे ज्या कायद्याची तुम्ही मागणी करताय, त्याच्या पुढे लोक आपणहून गेलेत.

मग संख्या वाढते कशी? एक कारण सगळ्या देशाचं आहे. द्राक्षबागेत नवी लागवड थांबवली तरी आधी लावलेल्या वेली पुढची कितीतरी वर्षं माल देतच राहतात. तसंच हे. जेव्हा घरात चार-पाच मुलं असायची तेव्हा जन्मलेली पिढी पुढे स्वतः आईबाप झाली. त्यांना दोन-दोनच मुलं झाली तरी बेरीज वाढतेच. ही वाढ आता ओसरत चालली आहे, पण तिला वेळ लागणार.

दुसरं कारण मात्र खास नाशिकचं. महापालिका हद्दीत १९९१ ला साडेसहा लाख माणसं होती, २००१ ला पावणेअकरा लाखांच्या आसपास आणि २०११ ला जवळजवळ १४ लाख ८६ हजार. शेवटच्या दहा वर्षांत राज्य १६ टक्क्यांनी वाढलं, नाशिक जिल्हा २२ टक्क्यांनी आणि नाशिक शहर ३८ टक्क्यांनी. प्रसूतिगृहांतून एवढी वाढ होत नाही, ती एसटी स्टँडवर उतरते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, शाळा-कॉलेजं, दवाखाने आणि मुंबईपेक्षा स्वस्त घर यांच्यासाठी माणसं आली. १९८५ साली तुम्हीही आलात आणि योग्यच केलंत. येवल्यात तुमचं कुटुंब तेवढंच राहिलं असतं, फक्त ते द्वारकेच्या सिग्नलवर दिसलं नसतं. म्हणून अपत्यांचा कायदा आणखी कडक केला तरी द्वारका मोकळी होणार नाही. तिथं आज थांबलेल्या गाड्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेली माणसं चालवताहेत, आणि धड बससेवा नसल्यामुळे एकेकट्यानं चालवताहेत.

इंदिरानगरमधल्या एका गृहिणीचा प्रश्न: "मुलं कमी होताहेत म्हणता, मग आमच्या गल्लीत दर सहा महिन्यांनी जुना बंगला पाडून सहा मजली इमारत का उभी राहते? आणि त्यातले निम्मे फ्लॅट बंद!"

या महिन्यातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न. आपण डोकी मोजतो, चुली मोजत नाही. २००१ च्या जनगणनेत देशात सुमारे १९ कोटी २० लाख कुटुंबं होती, २०११ ला २४ कोटी ६७ लाख. त्या दहा वर्षांत माणसं वाढली पावणेअठरा टक्क्यांच्या आसपास, कुटुंबं मात्र २८ टक्क्यांहून अधिक. वेगळी चूल मांडणं म्हणजे एकेकाळी गावभर चर्चेचा विषय असायचा. आता लग्नाच्या बोलणीतच स्वतंत्र फ्लॅट ठरतो, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. सासूच्या धाकात चार सुनांनी एका मोरीवर दिवस काढले, त्याला पर्यावरणरक्षण म्हणायची माझी तयारी नाही.

पण हिशेब तर होतोच. सात माणसांच्या वाड्यात एक फ्रिज, एक गॅस आणि अंगणातल्या विहिरीचं पाणी होतं. तीच सात माणसं तीन फ्लॅटमध्ये गेली की तीन फ्रिज, तीन वॉशिंग मशीन, तीन-चार दुचाकी आणि एखाद-दोन गाड्या लागतात. सिमेंट, वाळू, खडी वेगळीच. माणूस एकही वाढला नाही, डोंगर मात्र खाणीत गेला.

बंद फ्लॅटचं तर काही बोलायला नको. ते गुंतवणुकीचे. त्यांत लोकसंख्या शून्य असते, पण जमीन व्यापलेली असते आणि पाऊस जिरायची जागा बुजलेली असते. मुघल काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत. तेवढं मागे जायचं कारण नाही, माझ्याच आठवणीत गंगापूर रोडला द्राक्षाचे आणि पेरूचे मळे होते. आता बसथांब्यांच्या नावांत 'मळा' उरलाय. उन्हाळा सोसवत नाही असं सिडकोतले काका म्हणतात, त्याचं एक कारण इथंच आहे. माती आणि झाडं दिवसाची उष्णता धरून ठेवत नाहीत. काँक्रीट, डांबर ती साठवतात आणि रात्रभर सोडत राहतात.

पेठ तालुक्यातला बारावीचा एक विद्यार्थी विचारतो: "भूगोलाच्या तासाला सांगितलं की लोकसंख्या वाढली की पाणी कमी पडतं. आमच्या पाड्यावर माणसं थोडी, पाऊस भरपूर, तरी मार्चपासून आई दोन डोंगर उतरून झिऱ्यावर जाते. असं कसं?"

तुझ्या पाड्याला ते सूत्र लागू पडत नाही. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबक हा जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा पट्टा. पण खाली काळा पाषाण आहे, भेगा कमी, माती पातळ आणि उतार तीव्र. चार महिन्यांत पडलेलं पाणी मुरायला सवडच मिळत नाही. दमणगंगा, नार, पार या पश्चिमवाहिनी नद्या ते गुजरातमार्गे अरबी समुद्रात नेतात. अडवायला मोठी सोय तुमच्याकडे फारशी झाली नाही. मोठी धरणं घाटमाथ्याच्या या बाजूला, गोदावरीच्या खोऱ्यात झाली.

आणखी एक गोष्ट तू स्वतः पाहिली असशील. भात, नागली काढून झाली की पाड्यावरची बरीच माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांच्या कामाला जातात. म्हणजे ज्या दिवसांत पाणी आटतं, त्याच दिवसांत गावात माणसं सर्वांत कमी असतात! वाढत्या लोकसंख्येवर खापर फोडायला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. परीक्षेत मात्र पुस्तकातलं उत्तर लिही, आणि शेवटी दोन ओळी तुझ्या पाड्याबद्दल जोड.

निफाड तालुक्यातले एक शेतकरी: "नाशिकची लोकसंख्या वाढली, भोगतो आम्ही. नदी हिरवीगार पाणवेलींनी भरलेली, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला गुंता, पाण्याला वास. नाशिककरांना काही वाटतं की नाही?"

वाटायला हवं. निदान हिशेब तरी माहीत हवा, म्हणून तो इथं मांडतो. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं असा सरकारी निकष आहे, आणि वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरतात. २०११ चीच लोकसंख्या घेतली तरी रोज २० कोटी लिटर आत आणि १६ कोटी लिटर बाहेर. आज माणसं त्याहून जास्त आहेत. वर गंगापूर, दारणा, मुकणे धरणांतून चांगलं पाणी उचलायचं आणि शहराच्या खालच्या अंगाला ते वापरून सोडायचं, असा हा रोजचा व्यवहार.

तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इथं मलजलशुद्धीकरण केंद्रं आहेत. तरी पाणवेल का माजते? दोन कारणं. सगळं सांडपाणी केंद्रापर्यंत पोचत नाही. कुठं गटार नाल्याला जोडलेलं असतं, नाला नासर्डीला किंवा वाघाडीला, आणि त्या गोदावरीला. दुसरं कारण लोकांना सहसा सांगितलं जात नाही. जुन्या पद्धतीच्या केंद्रांतले जिवाणू पाण्यातली सेंद्रिय घाण खातात, पण नत्र आणि स्फुरद (नायट्रोजन आणि फॉस्फरस) बऱ्याच प्रमाणात तसेच पुढे जातात. मलमूत्रातले, साबणातले. शेतकऱ्याला नत्र-स्फुरद म्हणजे काय हे मी सांगायला नको. आम्ही नाशिककर रोज नदीला खताचा डोस देतो आणि अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होणारी वेल तो पचवते. यंत्रानं पाणवेल काढणं म्हणजे खत चालू ठेवून खुरपणी करणं.

ती पाणवेल तुमच्या मोटारीत अडकून पुढे नांदूर मधमेश्वरला जाते. गोदावरी-कादवाच्या संगमावरचा हा बंधारा इंग्रजांच्या काळातला. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचं नाव २०२० च्या सुरुवातीला जाहीर झालं. हिवाळ्यात तिथं पक्षी बघायला नाशिककर दुर्बिणी घेऊन जातात. पाणथळीत गाळ नि पाणवेल बघून हळहळतात, आणि संध्याकाळी घरी येऊन आंघोळ करतात.

हे सगळं पाणी नाशिकचं एकट्याचं नाही, हेही विसरलं जातं. खाली मराठवाड्यातलं जायकवाडी धरण आहे. १५ ऑक्टोबरला तिथला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं असं सूत्र २०१४ पासून लागू झालं. पाऊस कमी झाला की त्यावरून आंदोलनं होतात. पण पाणी किती सोडायचं यावर जेवढा घसा कोरडा होतो, त्याच्या निम्मा तरी ते कसं सोडायचं यावर व्हावा.

पंचवटीतले एक वाचक: "कुंभात एवढी गर्दी येते, तिचा पर्यावरणावर परिणाम?"

गर्दी पर्वणीनंतर निघून जाते. तिच्यासाठी केलेलं बांधकाम राहतं. २००३ च्या कुंभाच्या तयारीत रामकुंड परिसरात गोदापात्राच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं, जुनी कुंडं त्याखाली गेली आणि ते काढावं म्हणून नागरिकांना न्यायालयात जावं लागलं. येत्या सिंहस्थासाठी तपोवनातल्या झाडांवरून लोक रस्त्यावर उतरले, त्याच्यामागे ही आठवण आहे.

गंगापूर रोडवरचं एक तरुण जोडपं: "आम्ही दोघंही आयटीत. पृथ्वीवर आधीच आठ अब्ज माणसं असताना मूल होऊ देणं चूक आहे का? घरचे ऐकायला तयार नाहीत."

मूल हवं की नको हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, त्यातही तिनं आधी. हे मी आज नवीन सांगत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं तेव्हा शिव्या खाल्ल्या, त्या याच मुद्द्यासाठी. देशांचे अनुभव बघितले तर जन्मदर खाली आणण्यात मुलींच्या शिक्षणाचा वाटा फार मोठा आहे, धाकाचा नाही. घरच्यांना हवं तर एवढंच सांगा की विचार चालू आहे.

पण पृथ्वीचं ओझं मूल न होऊ देऊन उतरवायचं म्हणत असाल तर आकडे नीट बघा. माणशी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन भारतात वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकेत चौदाच्या आसपास. भारताचा आकडाही सरासरी आहे. पेठच्या त्या मुलाची आई आणि तुम्ही त्या सरासरीत एकाच ओळीत बसता. ती चालत झिऱ्यावर जाते, तुमच्या घरी दोन एसी, दोन गाड्या आणि वर्षाला काही विमानप्रवास असतील. टोमणा मारत नाहीये, माझ्याही घरी एक एसी आहे. मूल झालं तर त्याला शाळेत सोडायला रोज मोटार काढणार की जवळची शाळा बघणार, या प्रश्नाला तुमच्या हातात जास्त वजन आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकात साधारण १०.३ अब्जांवर जाऊन मग उतरू लागेल. तो उतार तुमच्या एका निर्णयासाठी थांबलेला नाही.

शेवटचा, नाशिकरोडहून: "नाशिकची आजची लोकसंख्या नक्की किती? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो."

कारण मोजलीच नाही. २०२१ ची जनगणना लांबली, नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर पाण्याचे, गटारांचे, बसचे सगळे आराखडे अंदाजावर. तुम्ही एक करू शकता. प्रगणक आला की "आमचं नाव गावाकडे लागलंय" म्हणून त्याला परत पाठवू नका. माणूस नेहमी जिथं राहतो तिथं मोजला जातो, शिधापत्रिका कुठंही असो. तुम्ही नाशिकला राहून नांदगावला मोजले गेलात तर इथलं गटार तुमच्याशिवाय आखलं जाईल.

आणि २०११ च्या घरयादीत एक प्रश्न होता, सांडपाणी कशाला जोडलेलं आहे: बंद गटाराला, उघड्या गटाराला की कशालाच नाही. पुन्हा तोच प्रश्न आला तर सवयीनं "बंद" म्हणण्याआधी सोसायटीच्या चेंबरचं झाकण उघडून पाइप कुणीकडे जातो ते बघून घ्या. निफाडच्या त्या शेतकऱ्याला मी तुमचंही उत्तर कळवीन.